कानाचे इंग्रजी आणि डोळ्याचे इंग्रजी

बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा ज्यांनी पुरा केला त्या वास्तुशिल्पज्ञाचे आडनाव आपल्या शहरात चिशोल्म, चिसहोम, शिशोम अशा नाना परींनी घेतले जाते. मेजर चार्ल्स मँट १८८१ मध्ये वारल्यावर राजवाड्याचे अर्धवट राहिलेले काम रॉबर्ट फेलोज चिझम यांच्याकडे आले आणि १८९० मध्ये ते तडीस गेले. आज विद्यापीठाच्या कला शाखेवर जो प्रचंड घुमट दिसतो तो बडोदा कॉलेजचा घुमटही त्यांचाच. हे आडनाव मूळचे स्कॉटलंडचे असून तिकडे ते चिझम असे उच्चारतात. त्यातले एल हे अक्षर केवळ लिहिण्यापुरते आहे. तरीही चिशोल्म म्हणणाऱ्याला अडाणी ठरवायला मी तयार नाही, कारण त्याने ते नाव पाटीवर किंवा पुस्तकात नीट वाचलेले आहे आणि जसे लिहिले आहे तसे ते उच्चारले आहे. मराठी माणसाला लिपीने लहानपणापासून हेच शिकवले आहे.

गोष्ट एका आडनावापुरती असती तर तीवर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे इंग्रजी शब्दाचा उच्चार हे माणूस जोखण्याचे माप होऊन बसले आहे. शाळाप्रवेशाच्या वेळी पालकांशी होणारे संभाषण असो, नोकरीची मुलाखत असो, की लग्न ठरवण्याच्या बैठकीतले वरवरचे गप्पाष्टक असो, एखादा शब्द चुकला की समोरच्याच्या चेहऱ्यावर हलकेच हसू उमटते आणि बोलणाऱ्याची सारी विद्या त्या हसण्यात वाहून जाते. माझे म्हणणे असे की, हे माप मुळातच खोटे आहे. इंग्रजीचा उच्चार चुकतो तो बहुधा वाचणाऱ्याचा; नुसते ऐकून शिकणाऱ्याचा तो सहसा चुकत नाही. म्हणजे आपण हसतो ते अज्ञानाला नसून, शिकवणारे कोणी जवळ नसताना पुस्तकावरून शिकलेल्या माणसाला हसतो.

याचा पुरावा मराठीतच आहे. कर्नल हा शब्द घ्या. इंग्रजी लिखाणात त्या शब्दात आर हे अक्षर नाहीच. दोन एल आहेत, आणि अक्षरश: वाचायचे तर कोलोनेल असे काहीतरी व्हावे. मूळ इटालियन शब्दात एलच होते. फ्रेंचांनी त्यातल्या पहिल्या एलचा आर केला. इंग्रजांनी तो आरवालाच शब्द उचलला, आणि पुढे विद्वानांनी इटालियन मूळ आठवून लिहिताना एल परत आणला. जिभेने मात्र आर सोडला नाही. या उलाढालीची गंधवार्ताही नसलेल्या आपल्या शिपायांनी आणि कारकुनांनी हा शब्द गोऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आणि कर्नल म्हणून तो मराठीत बिनचूक रुजवला. लेफ्टनंटचेही तसेच, ब्रिटिश फौजेत त्या शब्दात जो फ ऐकू येतो त्याचा लिखाणात मागमूस नाही, पण मराठीत तो आहे. १८७४ साली ज्यांच्यावरील विषप्रयोगाचा आळ मल्हारराव गायकवाडांवर आला आणि पुढच्याच वर्षी महाराजांची गादी गेली, त्या रेसिडेंटसाहेबांचे, म्हणजे दरबारातल्या इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीचे, आडनाव रोमन अक्षरांत पाहिले तर फायरे वाचावेसे वाटते. मराठी इतिहासकार त्यांना कर्नल फेअर असेच लिहीत आले आहेत, कारण ज्यांनी ते नाव प्रथम मराठीत उतरवले त्यांच्या ते कानावरून गेले होते.

कान आपल्या जिभेच्या सोयीने शब्द वाकवतो हे खरे. १७७९ मध्ये वडगावच्या लढाईआधी कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्ट्युअर्टला मराठ्यांनी इष्टूर फाकडा केले. शत्रूच्या शौर्याला फाकडा ही पदवी देणारी ती मंडळी आडनावाच्या बाबतीतही निष्काळजी नव्हती. शब्दारंभीचे जोडाक्षर जड जाते म्हणून त्यांनी आधी इ लावला आणि उरलेले बऱ्यापैकी राखले. या वाकवण्याला एक रीत आहे, आणि इष्टूरवरून स्ट्युअर्टपर्यंत परत जाता येते. चिशोल्मवरून चिझमपर्यंत मात्र कोणत्याही रीतीने जाता येत नाही. तिथे कुणीतरी सांगावेच लागते.

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहानशा यंत्रशाळेत उभे राहिले तर हाच भेद डोळ्यांसमोर दिसतो. लेथवर वीस वर्षे काढलेला फिटर सळईचा व्यास मोजताना खिशातून कॅलिपर काढतो, दांडीवरची सरकती पट्टी अंगठ्याने पुढे रेटतो, उजेडाकडे धरून रेघा जुळवतो आणि शेजारच्या पोराला सांगतो, "गेज आण रे, व्हर्नियरवर विश्वास ठेवू नकोस." त्याचे शिक्षण फार तर दहावीपर्यंत आणि पुढे आयटीआयचे असेल. गेज या शब्दात इंग्रजीत एक यू घुसलेला आहे हे त्याला कदाचित ठाऊक नसेल, आणि व्हर्नियर हे पिएर व्हर्निये नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचे नाव असून त्याने ही पट्टी १६३१ मध्ये प्रसिद्ध केली हेही ठाऊक नसेल. पण त्याचा गेज बरोबर असतो. त्याच दिवशी त्या शाळेत रुजू झालेला पदवीधर अभियंता तोच शब्द गॉज असा उच्चारतो, कारण चार वर्षे त्याने तो पुस्तकात वाचला, आणि वर्गात शिकवणाऱ्यांनीही तो पुस्तकातूनच उचललेला होता. न्यूमॅटिकला प्न्यूमॅटिक म्हणणाराही तोच. दोघांपैकी यंत्र अधिक कोणाला कळते याचा निकाल या दोन शब्दांवरून लावू म्हणणाऱ्याने एकदा तिथे जाऊन उभे राहावे.

आणखी एक उदाहरण आपल्या शहराचेच देतो. इंग्लंडमधल्या लेस्टर या गावाचे नाव रोमन लिपीत वाचले तर कुणीही लायसेस्टर म्हणेल. पण बडोद्यात तसे म्हणणारा माणूस शोधून सापडायचा नाही. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलल्यावर हजारो गुजराती कुटुंबे त्या गावी जाऊन राहिली, आणि तेव्हापासून कुणाची आत्या, कुणाचा मावसभाऊ, कुणाच्या शेजाऱ्याची मुलगी तिथे असल्यामुळे हे नाव गुजराती घरांतून आमच्या मराठी घरांतही टेलिफोनवरून आणि लग्नाच्या मांडवातून येऊन पोहोचले. त्याच घडणीचे वूस्टर हे गाव मात्र इथे सर्रास वॉर्सेस्टर होते, कारण तिथे आपले कोणी नाही. लेस्टर म्हणणाऱ्यांची आणि वॉर्सेस्टर म्हणणाऱ्यांची बुद्धी तीच, शाळाही तीच. फरक पडला तो आप्तांमुळे.

मग इंग्रजी लिखाण इतके फसवे का झाले? विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना थाटला, तेव्हा इंग्रजीचे स्वर हळूहळू जागा बदलत होते. साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर एकामागून एक वर सरकत गेले. ज्या शब्दाला आज इंग्रज नेम म्हणतो तो त्याआधी नाम असा, म्हणजे आपल्या नामाच्या अगदी जवळचा, उच्चारला जाई. टाइमचा उच्चार टीमसारखा होता. छापखान्याने जुन्या उच्चारांची अक्षरे खिळ्यांत पक्की केली आणि उच्चार मात्र पुढे निघून गेला. त्यात विद्वानांनी भर घातली. लॅटिनचे मूळ दिसावे म्हणून ऋण या अर्थाच्या डेट या शब्दात बी घुसवला, पावतीच्या रिसीटमध्ये पी, आणि आरोप ठेवणे या अर्थाच्या इंडाइटमध्ये सी. ही अक्षरे तोंडात कधीच आली नाहीत. बेटासाठी जो आयलंड हा शब्द आहे त्यातला एस तर निव्वळ गैरसमजातून आलेला आहे. लॅटिन शब्दाशी त्याचे नाते आहे असे वाटून तो घातला गेला, आणि नाते नव्हतेच. (आपल्याकडच्या शाळांत बुधवारचे स्पेलिंग पाठ करताना मुले वेड-नेस-डे असा जप करतात. पाठांतरापुरता तो वाईट नाही, पण तो जप पुढे उच्चार होऊन बसतो.)

नावांचे प्रकरण याहून अवघड आहे, कारण शब्द हजारोंच्या तोंडी असतो आणि नाव एखाद्या कुळापुरते. स्कॉटलंडमध्ये योख नावाचे एक जुने अक्षर होते, आकाराने इंग्रजी तीनच्या आकड्यासारखे. छापखान्यांत त्याचा खिळा नसल्यामुळे छापणाऱ्यांनी त्याच्या जागी झेड वापरला, आणि मिंगिस हे आडनाव कागदावर मेंझीस दिसू लागले. पुढे गंमत अशी झाली की, ऑस्ट्रेलियाचे दोनदा पंतप्रधान झालेले रॉबर्ट मेंझीस हे आपले आडनाव कागदावर दिसते तसेच उच्चारीत. म्हणजे एकाच आडनावाचे दोन उच्चार आणि दोन्ही बरोबर. कोणता कुठे लावायचा हे तो तो माणूसच सांगणार. टेक्सासमधले शहर ह्यूस्टन, पण त्याच अक्षरांनी लिहिला जाणारा न्यूयॉर्कमधला रस्ता हाउस्टन. आर्कान्सॉ या अमेरिकी राज्याच्या नावात शेवटी एस लिहितात. तो उच्चारायचा की नाही यावर इतका वाद माजला की, १८८१ मध्ये तिथल्या विधिमंडळाला ठराव करून तो मुका असल्याचे जाहीर करावे लागले.

खुद्द इंग्लंडमध्ये अशी नावे उंबरठ्यासारखी वापरली गेली आहेत. चमली या आडनावाची रोमन अक्षरे पाहिली तर चोलमोंडेली असा पाच मजली उच्चार होतो. फॅनशॉ हे आडनाव लिहायला अक्षरांची अख्खी रांग लागते. ऑक्सफर्डचे मॉडलिन कॉलेज मॅगडालेन असे लिहितात आणि केंब्रिजचे कीझ कॉलेज केअस असे. ज्याला हे उच्चार ठाऊक तो आतला, ज्याला नाहीत तो बाहेरचा, आणि विचारायची सोय नाही, कारण विचारणे हीच बाहेरचेपणाची कबुली. ही त्यांच्या समाजाची जुनी खोड आहे आणि तिचे काय करायचे ते त्यांनी पाहावे. आपण ती आयात करून दांडिया बाजारातल्या आणि रावपुऱ्यातल्या मुलांना लावावी, याचे मात्र आश्चर्य वाटते. ज्या संस्थानाने अमरेली भागात १८९३ मध्ये आणि साऱ्या राज्यात १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि ज्याच्या राजाने, सयाजीरावांनी, स्वत: बाराव्या वर्षी दत्तक आल्यावर अक्षरओळख करून घेतली, त्या ठिकाणी उशिरा शिकणाऱ्याला हसणे विशेषच विशोभित दिसते.

इंग्रजांनी आपल्या नावांचे काय केले हेही या संदर्भात पाहण्यासारखे आहे. गायकवाडांचे त्यांनी गिकोवार केले, मग गाएकवार केले, आणि तेच रूप संस्थानाच्या इंग्रजी कागदांवर दिमाखाने छापले जाऊ लागले. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे सिंदिया झाले आणि त्या घराण्याने ते रूप इतके आपलेसे केले की आज हिंदीतही ते सिंधियाच लिहितात. खडकीची किर्की झाली. बडोद्याचे आधी ब्रोडेरा आणि मग बरोडा झाले. १९७४ मध्ये शहराचे अधिकृत नाव वडोदरा झाले, तरी १९०८ मध्ये सयाजीरावांनी स्थापलेल्या बँकेचे इंग्रजी नाव बदलले नाही आणि रेल्वेच्या स्थानकाचा संकेत अजून बीआरसी आहे. आम्ही मराठी लोक घरात बडोदे म्हणतो, रिक्षावाल्याशी वडोदरा म्हणतो आणि बँकेत बरोडा म्हणतो, आणि त्यापायी कधी कुणाची अडचण झालेली नाही. इंग्रजांनी केलेले हे बदल मी त्यांच्यावरचा राग म्हणून सांगत नाही. परभाषेत गेलेले नाव त्या भाषेचे होऊन राहते, हा सगळीकडचाच अनुभव आहे. लंडनचा उच्चार आपण लंडनकराप्रमाणे करीत नाही आणि करायची गरजही नाही. टेबल, डॉक्टर, पलटण हे शब्द मराठीचे झाले. त्यांना पुन्हा इंग्रजी शाळेत पाठवू नये.

मात्र यावरून कसाही उच्चार करा, सगळे चालते, असे म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी जात नाही. जिवंत माणसाचे नाव ही त्याची वस्तू आहे, आणि ते तो सांगेल तसे घेण्याचा प्रयत्न करणे ही साधी माणुसकी आहे. देशपांडेला कुणी डेशपँडी म्हटले तर आपल्यालाही ते खटकतेच. शिवाय कामापुरता शब्द चुकला तर समोरच्याला कळत नाही, आणि ज्या मुलाला उद्या परदेशी ग्राहकाशी टेलिफोनवर बोलायचे आहे त्याला नीट उच्चार शिकवणे हे शाळेचे कर्तव्यच आहे. वाद आहे तो त्याने उच्चार शिकलेला नसल्याचा दोष कोणाच्या पदरी घालायचा याचा.

आणि उच्चार शिकवण्याचे साधन आपल्या हाती असताना आपण ते वापरत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. देवनागरी ही उच्चार लिहिणारी लिपी आहे. मराठीने इंग्रजीसाठी तिच्यात ॲ आणि ऑ हे स्वर घेतले, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने त्यांना वर्णमालेत रीतसर जागाही मिळाली. इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू हे वेगळे वर्ण आपण व्ह आणि व असे वेगळे दाखवतो. इथल्या मराठी मुलांपैकी बरीचशी गुजराती माध्यमात जातात. गुजराती लिपीही या कामी तितकीच समर्थ आहे, आणि ॲ-ऑसाठी तिच्याकडे चिन्हे आहेत, जरी दुकानांच्या पाट्या रंगवणारे ती वापरण्याचा कंटाळा करीत असले तरी. तेव्हा हा आग्रह एका भाषेपुरता समजू नये. आठवी-नववीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात धड्याच्या शेवटी कठीण शब्दांचे अर्थ दिलेले असतात, तिथे प्रत्येक शब्दापुढे त्याचा उच्चार आपल्या लिपीत छापला तर पानभर जागाही लागणार नाही. आज काय होते, तर शाळेच्या व्हरांड्यात रोज एक नवा इंग्रजी शब्द फळ्यावर लिहिला जातो, त्याखाली अर्थ लिहिला जातो, आणि मुले क्वे हा शब्द बंदरातला धक्का म्हणून आणि व्हिक्चुअल्स हा शब्द शिधासामग्री म्हणून पाठ करतात. त्यांचे उच्चार अनुक्रमे की आणि व्हिटल्झ आहेत हे फळ्यावर कुठेच नसते. अर्थ द्यायचा आणि उच्चार रोखून धरायचा, हे नाणे देऊन त्यावरचा छाप पुसण्यासारखे आहे.

पाट्यांचेही तेच. सयाजीबागेतल्या संग्रहालयात, राजवाड्यात, जुन्या इमारतींवर जी परदेशी नावे येतात ती देवनागरीत आणि गुजरातीत लिहिताना लिहिणारा रोमन अक्षरांकडे पाहून अंदाजाने लिहितो. राजवाड्यातल्या शिल्पांचे कर्ते आउगुस्तो फेलीची हे इटालियन. त्यांच्या भाषेत लिखाण आणि उच्चार यांचे नियम पक्के असल्याने एकदा नियम कळला की चूक होत नाही. इंग्रजी नावांना तसा नियम नाही, म्हणून ती विचारूनच लिहावी लागतील. बडोद्याच्या इतिहासात अशी नावे मोजकीच येतात, आणि विद्यापीठाच्या इतिहास आणि इंग्रजी या विभागांनी मिळून त्यांची उच्चारासह यादी केली तर वर्तमानपत्रांना, गाइडांना आणि पाट्या रंगवणाऱ्यांना एकच आधार मिळेल. सयाजीराव महाराजांच्या आज्ञेने १९३१ मध्ये कारभारातल्या इंग्रजी शब्दांना अनेक देशी भाषांतले प्रतिशब्द देणारा शासन-शब्दकल्पतरु तयार झाला होता. त्यापुढे ही यादी म्हणजे किरकोळ काम आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, देवनागरी इंग्रजीला पुरी पडत नाही. हे खरे आहे. इंग्रजीत आघाताला, म्हणजे शब्दातल्या एखाद्या अक्षरावर पडणाऱ्या जोराला, फार महत्त्व असते. फोटोग्राफ आणि फटॉग्रफी या एकाच घरच्या दोन शब्दांत आघात सरकला की स्वरही बदलतात, आणि आघात दाखवायला आपल्याकडे चिन्ह नाही. इंग्रजी शब्दांतला जीभ दातांना लागून निघणारा थ आपल्या थपेक्षा वेगळा आहे. पण आघातासाठी अक्षरावर एक तिरपी रेघ मारली तरी भागते, आणि थचा फरक कळायला कुणाची अडचण होत नाही. पूर्ण अचूकपणा नाही म्हणून शून्यावर राहणे हा शहाणपणा नव्हे. दुसरा आक्षेप असा की, आता मोबाइलला विचारले की तो शब्द बोलून दाखवतो. सामान्य शब्दांपुरते ते ठीक आहे. तिथे मोबाइल खरोखर उपयोगी पडतो. नावांच्या बाबतीत मात्र तोही पुष्कळदा अक्षरांकडे पाहूनच अंदाज बांधतो, आणि मेंझीस की मिंगिस हे त्या माणसाला विचारल्याशिवाय त्यालाही कळायचे नाही. शिवाय विचारायला आधी आपला उच्चार चुकीचा असेल अशी शंका यावी लागते, आणि जो शब्द पाच वर्षे मनातल्या मनात वाचला त्याबद्दल ती येत नाही.

मुलाखती घेणाऱ्यांना काय सांगावे हा प्रश्न उरतो, कारण पाठ्यपुस्तके बदलायला वेळ लागेल आणि मुलाखती उद्याही होणार आहेत. ज्या जागेवर सारे काम टेलिफोनवर बोलण्याचे आहे तिथे उच्चार अवश्य पाहावा, आणि जाहिरातीत तसे आधी लिहावे. बाकी ठिकाणी प्न्यूमॅटिक म्हणणाऱ्या उमेदवारापुढे तो व्हॉल्व्ह ठेवावा आणि उघडून दाखव म्हणावे. उघडता आला तर त्याला ठेवून घ्यावे. बरोबर उच्चार त्याला कामावर लागल्यावर पहिल्या आठवड्यातच लेथवरच्या फिटरकडून कळेल.